मिठाच्या सात पुड्या

माझ्या मावशीला इस्पितळात सगळे काटामावशी म्हणायचे. काटा म्हणजे वजनाचा. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रांधलं, पण मीठ मोजायला कधी चमचा हातात घेतला नाही. तळहात जरा खोलगट करायचा, त्यात मीठ घ्यायचं, एकदा हलकेच वर उडवून झेलायचं आणि पातेल्यात सोडून द्यायचं. नव्या आहारतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा त्यांना हे काही पटेना. त्यांनी प्रयोगशाळेतला नाजूक काटा मागवला, ताटलीत कागद ठेवला आणि म्हणाल्या, "चाळीस ग्रॅम द्या बघू." मावशीने दिलं. एकेचाळीस भरलं. बाईंच्या चेहऱ्यावर विजय पसरायला लागला तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाई, कागदही पेशंटला खायला घालायचाय का?" कागद काढला, तर काटा बरोबर चाळीसवर. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ते पडलंच. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळावरसुद्धा तेच कोरलेलं आहे.

तिच्या स्वयंपाकघरात तीन पातेली असत. एक सगळ्यांसाठी, एक कमी मिठाचं आणि एक बिनमिठाचं. रक्तदाबवाले आणि मूत्रपिंडवाले त्या तिसऱ्या पातेल्याचे मानकरी. मावशी स्वतः रोज त्यातलंच जेवायची. तिला काही झालेलं नव्हतं. ती म्हणायची, "ज्यांना हे गिळावं लागतं त्यांच्यासाठी करणाऱ्या बाईने रोज दोन घास गिळून बघावेत, म्हणजे रांधताना हयगय होत नाही." मी तिला वेड्यात काढायचो. मी बऱ्याच गोष्टींत तिला वेड्यात काढलं आहे, आणि आता त्याची यादी करायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एकदा तिच्या हातून चूक झाली. बिनमिठाच्या पातेल्यात मीठ पडलं आणि गाड्या वॉर्डात गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. तोपर्यंत कुणाला काही कळलेलं नव्हतं, कळलंही नसतं, उलट पेशंट खूश होते. मावशी धावत तिन्ही वॉर्डांत गेली, लोकांच्या हातातल्या वाट्या काढून घेतल्या, आणि तशीच घामाघूम अधीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली. "मी चुकले, लिहून घ्या," म्हणाली. अधीक्षक बिचारे सोडून द्यायला तयार होते. हिने हट्टाने लेखी ताकीद मागून घेतली. तो कागद अजून तिच्या कपाटात आहे. लोक बक्षिसाचे कागद जपतात, आमच्याकडे ताकिदीचा जपलेला आहे.

मी तीन वर्षांचा असताना माझी आई गेली. वडील त्याआधीच कुठेतरी निघून गेले होते. मावशीने स्वतःच्या लग्नाचा विषय बंद केला आणि मला उचलून आणलं. सहाव्या वर्षी मला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस मी तिच्याच इस्पितळात बेशुद्ध होतो. खाली ती दोनशे माणसांचा स्वयंपाक करायची आणि वर येऊन माझ्या उशाशी बसायची. तेव्हा तिने नवस बोलला. समुद्रकाठी एक मोठं क्षेत्र आहे, तिथे आधी समुद्रात स्नान करायचं आणि मग देवाचं दर्शन घ्यायचं. "हा उठून बसला की आम्ही दोघं येऊ, दोघं स्नान करू, दोघं दर्शन घेऊ." बाराव्या दिवशी मी उठून बसलो आणि म्हणे बिस्कीट मागितलं.

देवाने त्याचं काम वेळेत केलं. आमचं मात्र राहत गेलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघराला सुट्टी नसते, चार दिवस सलग मिळायचे नाहीत. मग माझी शाळा, माझं लिफ्टचं शिक्षण, माझी नोकरी, माझं लग्न, माझी मुलगी. सगळं माझंच, बघा. दर वर्षी ती म्हणायची, "पुढच्या वर्षी जाऊ. देवाला कुठे घाई आहे?" निवृत्त झाली तोवर तिच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी गावभर लिफ्ट बसवत हिंडतो आणि माझी मावशी जिना उतरता येत नाही म्हणून घरात बसून असते, यावर इमारतीतल्या सगळ्यांनी विनोद करून झालेले आहेत. मीही केले आहेत.

तिची एकच सोबत होती. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी राहायचे. मास्तरांच्या पत्नीला मी काकू म्हणतो, मावशी वहिनी म्हणते. काकू रोज चार वाजता वर यायच्या, मावशीबरोबर चहा घ्यायच्या, दोघी मिळून संध्याकाळची भाजी निवडायच्या आणि अख्ख्या इमारतीची खबरबात घ्यायच्या. मावशीचा दिवस त्या चार वाजण्याभोवती फिरायचा. साडेतीनलाच ती केस विंचरून बसायची.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला त्याच क्षेत्री पाठवलं. देवळाच्या ट्रस्टने यात्रेकरूंसाठी पाच मजली निवास बांधला होता, तिथे लिफ्ट बसवायची होती. नऊ दिवसांचं काम. मी सांगितलं तशी मावशी स्वयंपाकघरात गेली आणि एक काचेची बाटली घेऊन आली. लिटरभराची, इस्पितळातल्या औषधाची, उकळून वाळवलेली, घट्ट बुचाची.

"तू स्नान कर, दर्शन घे," ती म्हणाली, "आणि माझ्यासाठी ही भरून आण. मी इथे त्या पाण्याने अंघोळ करीन. अर्धा नवस तिकडे, अर्धा इकडे. माझे गुडघे काही देवापासून लपलेले नाहीत, घेईल समजून."

"आणतो गं," मी म्हणालो. बाटली पान्यांच्या पेटीत टाकली.

लिफ्टची मशीनरूम गच्चीवर असते. नऊ दिवस मी त्या गच्चीवर होतो आणि नऊ दिवस समुद्र माझ्या समोर होता. सकाळी सहापासून माणसं पायऱ्यांवरून पाण्यात उतरायची. म्हाताऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरलेलं असायचं, पोरं किंचाळायची, बायका एकमेकींचे हात धरून लाटेला पाठ करायच्या. मी वरून बघायचो आणि लिफ्टचे उभे रूळ ओळंब्याला सरळ आहेत का ते तपासायचो. माझा देवावर राग नव्हता, विश्वासही नव्हता. त्या गर्दीकडे बघून मला फक्त आळस यायचा. उद्या जाऊ, परवा जाऊ. हा उद्या-परवा आमच्या घरात माझ्या पाचवीलाच पुजलेला होता.

शेवटच्या दिवशी वाळूची पोती भरून लिफ्टची वजनचाचणी घेतली. अकरा वाजता सगळं पास झालं. तीनची बस होती. चार तास हातात होते आणि समुद्र दहा मिनिटांवर. निवासाच्या व्यवस्थापकाच्या खोलीत क्रिकेटचा सामना लागला होता. मी म्हटलं, दोन षटकं बघू. दोन वाजता उठलो तेव्हा खोलीत सामान पसरलेलं होतं, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि बुटात वाळू जाईल या विचारानेच माझं डोकं फिरलं. जेवणाच्या ताटाबरोबर खालून मिठाच्या कागदी पुड्या यायच्या. नऊ दिवसांत सात उरल्या होत्या. मी बाटली नळाखाली धरली, सातही पुड्या आत रिकाम्या केल्या, बूच लावलं आणि हलवली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बाटली हलवताना मी शीळ घालत होतो.

मावशीने ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. कपाळाला लावली. मग बूच उघडून एक थेंब बोटावर घेतला, जिभेवर टेकवला आणि डोळे मिटले. एका ग्रॅमचा कागद ओळखणारी बाई! हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या जगात मीठपाणी देऊन फसवायला मला हीच सापडली होती.

तिने डोळे उघडले. "एवढंच खारं असतं होय?" म्हणाली.

"तिकडे नदी येऊन मिळते," मी म्हणालो. कुठली नदी आणि काय.

"असेल," ती म्हणाली. "दर्शन नीट झालं ना?"

"झालं की."

"काय काय होतं रे आत?"

मी दिवे सांगितले, फुलं सांगितली, रेटारेटी सांगितली. सगळ्या देवळांत असतं ते सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी बाटली बादलीत ओतून अंघोळ केली आणि उरलेली देवापाशी ठेवून दिली. पाण्याबद्दल पुन्हा एक शब्दही काढला नाही.

आता माझ्या डोक्यातून काय निघालं ते बघा. मी धरून चाललो की तिला कळलंय. कळणारच. आणि कळूनही ती गप्प बसली म्हणजे तिने सोडून दिलं. "एवढंच खारं असतं होय?" हा टोमणा होता आणि त्यातच माझी शिक्षा उरकली. चला, सुटलो! मी निर्धास्त झालो. माणूस स्वतःला माफ करायला निघाला की त्याला दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा फार उपयोग होतो.

पुढच्या सहा महिन्यांत पोस्टमास्तर अंथरुणाला खिळले. मोठा गमतीदार माणूस. "पिनकोड सांग, गाव सांगतो," म्हणायचा आणि खरंच सांगायचा. आयुष्यभर त्या क्षेत्रीची पत्रं त्यांच्या हाताखालून गेली, पण तिथे जायचं मात्र राहिलं. "निवृत्त झालो की पहिलं तिकीट तिथलं," असं ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी म्हणत होते.

एका रविवारी दुपारी काकूंच्या घरून निरोप आला की आता काही खरं नाही. मावशी उठली. देवापाशी ठेवलेली बाटली तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धर, मला दोन्ही हात लागतील." मग ती जिन्यावर बसली आणि एकेक पायरी बसत बसत उतरायला लागली. अठरा पायऱ्या. मी तिच्या मागे बाटली घेऊन उभा होतो. हातातून सोडायची होती फक्त. काच फुटली असती, पाणी जिन्यावरून वाहून गेलं असतं, मला दोन शब्द ऐकावे लागले असते आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मी बाटली आणखी घट्ट धरली. पडेल बिडेल म्हणून.

काकूंनी चमच्याने ते पाणी मास्तरांच्या ओठांना लावलं. वाकून कानात म्हणाल्या, "अहो, समुद्राचं आहे. तिथलं. ऐकलंत का?" मास्तरांनी ओठ हलवले, चव घेतल्यासारखे. संध्याकाळी ते गेले.

पंधरा दिवसांनी काकू मला जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्यामुळे त्यांची यात्रा घडली बाबा. तुझे उपकार कसे फेडू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटलो आणि वर पळालो. त्या दिवसापासून मात्र झोप उडाली. मावशीकडे बघितलं की वाटायचं, किती मोठ्या मनाची बाई! पाणी खोटं आहे हे ठाऊक असूनही एका मरणाऱ्या माणसाला समाधान मिळावं म्हणून अठरा पायऱ्या बसत उतरली. आणि मी? शेवटी मी ठरवलं की तिला तिथे न्यायचंच. उचलून न्यावं लागलं तरी. तिच्याबरोबर स्नान करायचं, दर्शन घ्यायचं, आणि तिथेच तिचे पाय धरून सांगायचं की मावशी, तुला ठाऊक होतं ना? ती हसेल, टपली मारेल, संपलं.

तीन महिन्यांनी आम्ही निघालो. मी तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरलो. काकू दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "मावशी, माझाही नमस्कार सांगा." बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि लहान मुलीसारखी सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत राहिली.

खोली मी त्याच निवासात घेतली होती. लिफ्टचं दार सरकलं तेव्हा ती आत शिरताना जरा थबकली. "ही तू बसवलीस?"

"मीच."

तिने बटणांवरून हात फिरवला. वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. माझ्या कामाचं तिने आयुष्यात पहिल्यांदा प्रात्यक्षिक बघितलं. "अजिबात हिसका बसत नाही रे," म्हणाली. मला फार बरं वाटलं आणि तेवढंच वाईटही.

सकाळी सातला आम्ही समुद्राकडे गेलो. पायऱ्यांपर्यंत चाकाची खुर्ची मिळाली. एका बाजूला चपलांचे ढीग, दुसऱ्या बाजूला शंख-शिंपल्यांची दुकानं, समोर देवळाचा कळस आणि त्याच्याकडे जाणारी ओल्या कपड्यांतली रांग. मावशी एकटक पाण्याकडे बघत होती. सत्तर वर्षांची बाई, समुद्र पहिल्यांदा बघत होती. "संपतच नाही की," म्हणाली. मी तिला धरून खालच्या पायरीवर बसवलं. लाट आली, तिच्या मांडीपर्यंत भिजवून गेली, तशी ती खुदकन हसली. दुसऱ्या लाटेला तिने ओंजळ धरली, कपाळाला लावली आणि तोंडाला लावली.

तिचं हसू थांबलं.

तिने पुन्हा ओंजळ भरली. या वेळी स्वयंपाकघरात चाखायची तसं चाखलं, जीभ टाळूला लावून, नजर कुठेतरी लांब ठेवून. मग थुंकली.

"हे कडू आहे," ती म्हणाली. "खारं आहेच, पण मागून कडू आहे. ते तसं नव्हतं. ते नुसतं मीठ होतं."

मी तिच्या पदराचं पाणी पिळायला लागलो.

"तू मला तेव्हा काय आणून दिलं होतंस?"

"मावशी," मी म्हणालो, "मला वाटलं तुला तेव्हाच कळलं होतं."

"कशावरून कळणार?"

"तुझी जीभ... तू तर एका ग्रॅमचा फरक..."

"मी समुद्र कधी चाखला होता रे?" ती म्हणाली. "तू म्हणालास समुद्राचं, म्हणून ते समुद्राचं."

आजवर माझ्यावर कुणी हात उगारला नाही. त्या क्षणी कुणी कानफटात मारली असती तर मी उपकार मानले असते. लाटा येत होत्या, जात होत्या, शेजारी एक कुटुंब एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होतं. मी तिला सगळं सांगितलं. सामना, ऊन, पुड्या. शीळसुद्धा सांगितली. ती ऐकत होती की नाही, कळेना. मग एकदम म्हणाली, "मास्तरांच्या तोंडात मी काय घातलं?"

"मावशी, ते तर..."

"शेवटचा घोट होता त्या माणसाचा. वहिनींनी कानात सांगितलं त्याला, तिथलं आहे म्हणून. मी शेजारी बसून मान हलवली." ती उठायला लागली. "चल. घरी चल."

"अगं, दर्शन? निदान दर्शन तरी घे! समोर आहे देऊळ. तुझी काय चूक? माझी चूक आहे, मी बाहेर थांबतो, तू जा."

"आधी ते," ती म्हणाली. "ते पोटात ठेवून मी आत जाणार नाही. वहिनींना सांगितल्याशिवाय नाही."

मी पाय धरले. भर पायऱ्यांवर, लोकांच्या देखत. ती म्हणाली, "ऊठ, कपडे बदल, सर्दी होईल." बत्तीस वर्षं थांबलेली बाई रांगेपासून पन्नास पावलांवरून मागे फिरली. खुर्चीत बसून तिने एकदा कळसाकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "येते." दुपारच्या बसने आम्ही परत निघालो.

बसमध्ये या वेळी तिने एकही पाटी वाचली नाही. मी मनातल्या मनात काकूंसमोरचं भाषण तयार करत होतो. 'काकू, मी तुमचा गुन्हेगार आहे.' मग वाटायचं, फार नाटकी होतंय. 'काकू, एक सांगायचं होतं.' असं तासभर चाललं. नंतर मी विचार करायला लागलो की मावशीच सांगणार आहे तर मी मध्ये कशाला तोंड घालू? तिने सांगितलं की मी मान खाली घालून उभा राहीन. तेही पुरे.

दुसऱ्या मजल्यावर तिने मला थांबायला सांगितलं. मी तिला पाठीवरून उतरवलं. तिने भिंतीला धरून काकूंची कडी वाजवली. काकूंनी दार उघडलं, चेहरा फुललेला. "आलात? एवढ्यात? कसं झालं दर्शन?"

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय," मावशी म्हणाली. "मास्तरांना शेवटी जे पाणी दिलं ते समुद्राचं नव्हतं. नळाचं होतं, मीठ घातलेलं."

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"याने आणलेलं पाणी माझ्या हातून सांडलं," मावशी म्हणाली. "एवढ्या लांबून आणलेलं. याला कळलं तर वाईट वाटेल म्हणून मी नळाचं भरून ठेवलं. त्या दिवशी तुमच्याकडे तेच घेऊन आले. मी चुकले."

मी दोन पायऱ्या खाली उभा होतो, एका हातात पिशवी. तोंड उघडायला मला किती वेळ होता हे मी नंतर खूपदा आठवून बघितलं आहे. भरपूर होता. काकू मावशीकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "तुम्ही? मावशी, तुम्ही असं केलंत?" मावशीने मान हलवली. काकूंनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्या एवढ्या वेळात मी हूं की चूं केलं नाही.

वर आल्यावर मी तिच्यावरच ओरडलो. "हे काय केलंस तू? खोटं का बोललीस?"

"पाणी खोटं होतं हे त्यांना कळायला हवं होतं, ते कळलं," ती म्हणाली. "तुला या जिन्याने अजून तीस वर्षं चढायचं-उतरायचं आहे. तुझी बायको आहे, पोर आहे. माझे किती दिवस राहिलेत?" मग गुडघे चोळत म्हणाली, "तुला सांगावंसं वाटलं तर तुझा तू सांग. मी अडवणार नाही."

"मग आपण पुन्हा जाऊ दर्शनाला. पुढच्या आठवड्यात."

"आता कुठल्या तोंडाने जाऊ?" ती म्हणाली. "आता तर मीच खोटं बोलून बसलेय."

याला दहा महिने झाले. काकू वर येत नाहीत. मावशी साडेतीनला केस विंचरते, चहा ठेवते, एकटीच भाजी निवडते. माझी बायको विचारते, दोघींचं काय बिनसलं? मी म्हणतो, म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं. एक वाक्य आहे फक्त. ते मी काकूंना सांगितलं की मावशीला तिची चारची सोबत परत मिळेल, तिचं दर्शनही मिळेल. रोज सकाळी जिना उतरताना मी त्या दारासमोर पाऊल हळू टाकतो आणि रोज पुढे जातो.

काल संध्याकाळी कामावरून येताना काकू जिन्यात भेटल्या. मी नेहमीसारखा बाजूने सटकणार होतो, पण त्यांनीच थांबवलं.

"तू का तोंड चुकवतोस रे?" त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तू बिचारा एवढ्या लांबून घेऊन आलास. मावशींनी असं करायला नको होतं. इस्पितळात म्हणे कधी खोटं बोलल्या नाहीत, चूक झाली तर आपणहून जाऊन सांगितली. आता वाटतं, तेही कुणास ठाऊक."

याहून सोपी वेळ मला कुणी आणून दिली नसती. काकू थांबल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"जाऊ द्या, काकू," मी म्हणालो, आणि वर आलो.

मावशी दाराच्या आतच उभी होती, चौकटीला धरून. "वहिनींचा आवाज आला मला," ती म्हणाली. "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. सहज."

"माझं काही विचारलं का?"

"हो," मी म्हणालो. "तब्येत विचारत होत्या."

"विचारलं?" तिचा चेहरा केवढा उजळला. "मग येतील बघ एखाद्या दिवशी."

"येतील," मी म्हणालो.